मारुगामेतील ओबोन : लेकीसह सासरच्या घरी

जपानला ऑगस्टच्या मध्यावर जाऊ नये, असे तिकडची माहिती असलेला कोणीही सांगेल. उकाड्याने जीव नकोसा होतो, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि विमानाचे भाडे नुसते ऐकूनच घाम फुटतो. तरीही आम्ही पुण्याहून नेमके त्याच आठवड्यात निघालो, कारण १३ ते १६ ऑगस्ट हे ओबोनचे दिवस. या दिवसांत घराण्यातले पूर्वज घरी येतात, मुक्काम करतात आणि सन्मानाने परत जातात, अशी तिथली श्रद्धा आहे. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याने प्रेतयोनीत अडकलेल्या आपल्या आईची सुटका केली, ती कथा या विधीच्या मुळाशी आहे. आपल्या पितृपक्षाशी त्याचे नाते उघड दिसते, पण घरातले वातावरण मात्र दिवाळीच्या सुट्टीचे असते. शहरात नोकरी करणारी मुले गावी परततात, नातवंडांच्या हातावर पैसे ठेवले जातात आणि पितरांच्या निमित्ताने जिवंत माणसेही एकमेकांना भेटून घेतात.

यंदा जाण्याला आणखी एक कारण होते. माझा नवरा एकुलता एक आणि आमची चार वर्षांची लेक ही त्या घराण्यातली एकमेव नात. सासू-सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि घराण्याची समाधी टेकडीच्या चढावर आहे. "समाधीचे काय करायचे ते या वेळी समोरासमोर बसून ठरवू," एवढे एकच वाक्य सासरे जूनमध्ये फोनवर बोलले होते आणि मग हवापाण्याच्या गप्पांकडे वळले होते. मोजके बोलणाऱ्या माणसाचे असे वाक्य आले की मुकाट्याने तिकिटे काढायची असतात.

११ ऑगस्ट

मुंबईहून रात्री निघून, बँकॉकला विमान बदलून, ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरलो तेव्हा दुपार झाली होती. हा विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर बांधलेला असून तो १९९४ साली सुरू झाला. खिडकीतून पाहताना विमान थेट पाण्यातच उतरते की काय असे वाटते, पण ते दृश्य लेकीच्या नशिबी नव्हते. रात्रभर टक्क जागी राहून ती नेमकी उतरण्याच्या वेळी गाढ झोपली होती.

शिन-ओसाकाहून पुढे शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. ओबोनच्या गर्दीत 'नोझोमी' गाड्यांना अनारक्षित डबे ठेवतच नाहीत, त्यामुळे तिकिटे आधीच काढून ठेवावी लागतात. सहा वर्षांखालच्या मुलासाठी स्वतंत्र जागा घेतली नाही तर भाडे पडत नाही, म्हणून लेक ओकायामापर्यंत आळीपाळीने आमच्या मांडीवर होती. ओकायामाला 'नानपू' एक्स्प्रेस पकडली. या मार्गावरच्या काही गाड्यांवर जपानी मुलांच्या लाडक्या, पावाचे डोके असलेल्या नायकाची चित्रे आतबाहेर रंगवलेली असतात आणि आमच्या वाट्याला तशीच गाडी आली. प्रवासाने किरकिरी झालेली लेक त्या चित्रांपुढे जी उभी राहिली ती सासरचे गाव मारुगामे येईपर्यंत बसली नाही.

मध्ये सेतो समुद्रावरचा मोठा पूल लागतो. बेटाबेटांवर पाय रोवत गेलेली ही पुलांची मालिका १९८८ साली खुली झाली. वरच्या मजल्यावरून मोटारी धावतात आणि खालच्या मजल्यावरून रेल्वे. त्यापूर्वी शिकोकू बेटावर यायचे तर बोटीशिवाय रेल्वेच्या प्रवाशाला गत्यंतर नव्हते. बोटीच्या डेकवर मिळणारे उदोन, म्हणजे जाड शेवया, खायला तरुणपणी आपण कसे धावत सुटायचो, हे सासरे दर वेळी सांगतात. त्याच मार्गावर १९५५ च्या मे महिन्यात धुक्यात दोन बोटींची टक्कर होऊन १६८ माणसे बुडाली आणि त्यांत शाळेच्या सहलीला निघालेली मुले फार होती. पुलाच्या मागणीने त्यानंतर जोर धरला. हे दुसरे मात्र ते दर वेळी सांगत नाहीत.

घरात पाऊल टाकल्यावर पहिली भेट जिवंत माणसांची नव्हे, तर बुत्सुदानची, म्हणजे घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्याची घ्यायची असते. आणलेली भेटवस्तूसुद्धा आधी तिथे ठेवायची आणि मग उघडायची. त्यामुळे पुण्याहून नेलेली बाकरवडी आणि काजूकतली रात्रभर आजेसासऱ्यांच्या तसबिरीसमोर राहिली. आपला नैवेद्य वेगळा तो काय! लेकीने उदबत्ती लावलेली पाहिली, समोरची छोटी पितळी वाटी लाकडी दांडीने वाजवायची असते हेही पाहिले आणि ती वाजवण्याचे काम पुढचे सगळे दिवस स्वतःकडे घेतले.

जेवताना एक लहानसा प्रसंग घडला. तिच्या बाबाने आपल्या काड्यांनी भोपळ्याची फोड उचलून पुढे केली आणि तिनेही ऐटीत आपल्या काड्या पुढे करून ती पकडायचा प्रयत्न केला. सासऱ्यांनी काही न बोलता दोघांच्या मधे आपली बशी सरकवली आणि फोड तिच्यात पडली. जपानमध्ये दहनानंतर नातेवाईक मृताच्या अस्थी काड्यांनी वेचतात आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देतात. म्हणून जेवताना तसे करणे अशुभ मानतात. आजोबा रागावले नाहीत, की नातीला समजावत बसले नाहीत. बशी तेवढी वेळेवर आली.

१२ ऑगस्ट

सकाळी सासूबाईंबरोबर बाजारात गेलो. मारुगामेच्या आसपासचा मुलूख सपाट आहे आणि त्यातून मधूनच एखादी टेकडी सुटी उभी दिसते. त्यांत सगळ्यांत देखणा तो ४२२ मीटर उंचीचा ईनो डोंगर, ज्याला तिथे कौतुकाने 'सानुकी फुजी' म्हणतात (सानुकी हे या मुलखाचे जुने नाव). दोन्ही बाजूंच्या पर्वतरांगांमुळे या भागात पाऊस कमी पडतो, म्हणून कागावा प्रांतात शेतीसाठी खणलेले १२,००० हून अधिक तलाव आहेत. क्षेत्रफळाने हा जपानमधला सर्वांत लहान प्रांत आहे, हे लक्षात घेतले तर या आकड्याचा अर्थ कळतो. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर लेक "पाणी!" म्हणून ओरडत होती आणि सासूबाई मराठीतच "पाणी, पाणी" म्हणत तिला साथ देत होत्या.

दुपारी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करण्याचा कार्यक्रम झाला. पितरांनी घरी लवकर पोहोचावे म्हणून येताना घोडा, आणि जाताना रेंगाळत जावे, बरोबर शिदोरीही नेता यावी, म्हणून गाय. दोघांना तागासारख्या वाळक्या काटक्यांचे पाय टोचतात. ही चाल मुख्यतः पूर्व जपानची आहे. सासूबाई माहेरच्या सैतामाकडच्या असल्यामुळे लग्नानंतर त्यांनी ती या घरात आणली, आणि सासरे तिच्याकडे आजतागायत पाहुण्यासारखे बघतात. आम्ही येईपर्यंत, मुलगा परदेशी गेल्यावर काही वर्षे, सासूबाईंनीही ती सोडून दिली होती. लेकीने घोड्याला आधी पाचवा पाय टोचला, तो शेपूट म्हणून मान्य झाला; मग तिने गायीच्या देठाला माझा केसांचा रबर अडकवला, तोही मान्य झाला. सासूबाईंना मराठी येत नाही आणि लेकीचे जपानी बाबापुरतेच आहे. पण वांग्याला पाय टोचताना दोघींना भाषेची अडचण पडलेली मला तरी दिसली नाही.

शाकाहारी सुनेला जपानी सासर सोपे नाही. भाजी शाकाहारी दिसते, पण तिचे पाणी माशांचे असते. त्यातून सानुकीचे उदोन म्हणजे वाळवलेल्या बारीक माशांच्या काढ्यावर उभी असलेली संस्था. ओबोनमध्ये मात्र पितरांसाठी शुद्ध शाकाहारी स्वयंपाक करतात. समुद्री शेवाळ आणि वाळवलेली शिताके अळंबी रात्रभर भिजत घालून त्या पाण्यात भाज्या शिजवल्या जातात. त्यामुळे वर्षातले हेच दिवस असे, की माझ्यासाठी वेगळे पातेले चढवावे लागत नाही. पितरांची आणि माझी पंगत एकच.

१३ ऑगस्ट

उन्हे चढायच्या आत, सहाच्या सुमारास, आम्ही समाधीवर गेलो. दफनभूमी टेकडीच्या उतारावर आहे. खालच्या नळावर लाकडी बादल्या आणि लांब दांड्याचे पळे ठेवलेले असतात. बादली भरून वर चढायचे. पायऱ्या दगडी, एकसारख्या नसलेल्या, आणि धरायला काही नाही. सासरे मध्ये दोनदा थांबले. बादली नवऱ्याने घेतली आणि ती आपण मुद्दाम दिली असे त्यांनी चेहऱ्यावर दाखवले.

समाधी म्हणजे ग्रॅनाइटचा उभा स्तंभ. त्याखालच्या पोकळीत पिढ्यान्‌पिढ्यांचे अस्थिकलश ठेवलेले असतात. आधी तण उपटले, मग पळ्याने पाणी घालून दगड कापडाने पुसला. लेकीला तिचा स्वतःचा रुमाल मिळाला आणि तिने खालचा चौथरा इतका मन लावून घासला की पुसून झालेल्या ठिकाणी सासूबाईंनी तिच्यासाठी पुन्हा पाणी ओतले. मग तिने विचारले, "ही अक्षरे लाल का?" बाजूच्या शिळेवर मृतांची नावे कोरलेली आहेत. आजेसासऱ्यांच्या नावाशेजारी आजेसासूबाईंचे नाव आधीच कोरून त्यात लाल रंग भरलेला आहे. जोडीदार जिवंत असेल तर असे करतात आणि तो गेला की लाल रंग काढून टाकतात. आजेसासूबाई नव्वदी ओलांडून गावातल्याच वृद्धाश्रमात आहेत. "कारण पणजी अजून आहे," असे तिच्या बाबाने सांगितले आणि लेकीला ते उत्तर पुरेसे वाटले.

समाधीच्या मागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या करतात. घराणे शिंगोन या बौद्ध पंथाचे असल्याने त्यांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरे असतात. वरून खाली ख, ह, र, व, अ. म्हणजे आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी. नागरीशी नाते असलेली ही लिपी भारतात केव्हाच वापरातून गेली. जपानी भिक्षू मात्र ती आजही कुंचल्याने लिहितात. घरातल्या कोणालाच ती वाचता येत नाही. मलाही तिची ओळख अर्धीमुर्धीच पटते, तरी आल्या दिवसापासून सासरे त्या फळ्यांविषयीचे सर्व प्रश्न माझ्याकडे पाठवतात.

फुले वाहिली, उदबत्त्यांचा जुडगा लावला, फळे ठेवली आणि नमस्कार होताच ती फळे पुन्हा पिशवीत भरली. कावळे येऊन नासधूस करतात म्हणून नैवेद्य मागे ठेवू नये, अशी पाटीच तिथे आहे. पिंडाला कावळा शिवावा म्हणून घाटावर ताटकळत बसणाऱ्या लोकांतली मी. कावळ्याला हुसकावणारे पितृकार्य पाहून दर वेळी मला आमचे गुरुजी आठवतात आणि त्यांना हे सांगायचे धाडस मी अजून केलेले नाही.

उतरताना सासरे एका कोपऱ्यातल्या समाधीपाशी थांबले. तिथे गुडघाभर गवत होते आणि एक पाटी लावली होती, की या समाधीच्या वारसांनी संपर्क साधावा. कायद्याप्रमाणे अशी सूचना राजपत्रात छापून आणि जागेवर वर्षभर लावून कोणी पुढे आले नाही, तर त्या अस्थी इतर बेवारस अस्थींबरोबर एकत्र ठेवता येतात. "हे घर आमच्या ओळखीचे होते," एवढेच ते म्हणाले. त्यांना जे समोरासमोर बोलायचे होते, ते बहुधा तेवढ्यातच बोलून झाले.

संध्याकाळी दारापुढे मातीच्या परळात काटक्या पेटवल्या. हा स्वागताचा अग्नी. त्याच्या खुणेने पितर घर ओळखतात. घोड्याचे तोंड घराकडे करून ठेवले होते. शेजारच्या घरांसमोर अंधारच होता. ही चाल शहरांतून कमी होत चालली आहे आणि आमच्या गल्लीतली अर्धी घरे तर बंदच आहेत. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानभर सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. आकडा वाचताना तो दूरचा वाटतो. गल्लीत उभे राहून टपालपेट्या चिकटपट्टीने बंद केलेल्या पाहिल्या की मग वाटत नाही. लेकीने परळाशी वाकून मराठीत "या, या, आत या" असे म्हटले. पितरांना मराठी कळते की नाही हा प्रश्न कोणी काढला नाही.

१४ ऑगस्ट

ओबोनमध्ये देवळाचे भिक्षू घरोघरी जाऊन पाठ म्हणतात. आमच्याकडचे तरुण आहेत; काळ्या वस्त्रांवर हेल्मेट घालून स्कूटरवरून आले. देव्हाऱ्यापुढे कमळाच्या पानावर काकडी-वांग्याचे बारीक तुकडे आणि धुतलेले तांदूळ, कमळाच्या आकाराची साखरेची मिठाई, शेवया आणि फळे मांडली होती. पाठ सुरू झाला तो प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचा. त्याच्या शेवटी "ग्याते ग्याते हारा ग्याते" असे येते, तेव्हा "गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा" हा मूळ मंत्र मी मनात म्हणते. पहिल्या वर्षी मोठ्याने म्हटला होता आणि तेव्हापासून या घरात माझ्याविषयी जरा अवास्तव आदर आहे. लेक आजीच्या मांडीला टेकून बसली होती. पाठाच्या मध्ये जिथे जिथे वाटी वाजायची तिथे ती आपला हात हवेत हलवत होती.

पाठ झाल्यावर बार्लीचा गार चहा आला, दक्षिणेचे पाकीट तबकातून पुढे केले गेले आणि सासऱ्यांनी विषय काढला. भिक्षूंनी सगळी पद्धत नीट समजावून सांगितली. समाधी बंद करायची तर आधी तिच्यातले चैतन्य काढून घेण्याचा विधी करावा लागतो. मग पाथरवट दगड उतरवतो. जागा मोकळी करून देवळाला परत द्यावी लागते. अस्थी हलवण्यासाठी नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. त्यानंतर त्या देवळाच्या सामाईक समाधीत ठेवल्या जातात आणि देऊळ त्यांच्यासाठी कायमचे पाठ करत राहते, वारस असो वा नसो. अशी विचारणा करणारी घरे आता पुष्कळ झाली आहेत, हे त्यांनी कोणताही सूर न लावता सांगितले. सासऱ्यांनी टेबलाच्या खणातून अर्ज काढला. तो त्यांनी वसंतातच आणून ठेवला होता आणि आपला पत्ता त्यावर लिहूनही झाला होता.

नवरा म्हणाला, "मी दर वर्षी येईन." सासरे म्हणाले, "आणि ही?" आणि नातीकडे पाहिले. ती तेव्हा भिक्षूंचे हेल्मेट डोक्यावर घालून पाहत होती. यावर काय उत्तर द्यायचे? पुण्यात वाढणाऱ्या मुलीने तिसाव्या वर्षी शिकोकूतल्या टेकडीवर बादली घेऊन चढावे, असे आजच कबूल करणे मला तरी प्रामाणिकपणाचे वाटत नाही, आणि मी तसे बोलूनही दाखवले. सासूबाईंनी मान डोलावली. त्यांच्या स्वतःच्या माहेरची समाधी त्यांच्या भावाने आधीच बंद केली आहे.

दुपारी वृद्धाश्रमात गेलो. तोंडाला मास्क आणि मोजून पंधरा मिनिटे, असा तिथला नियम आहे. आजेसासूबाई चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात पंखा होता. जपानमधले सुमारे नव्वद टक्के हातपंखे मारुगामेत होतात. कोन्पिराच्या देवस्थानाला येणाऱ्या यात्रेकरूंना विकण्यासाठी हा धंदा इथे वाढला. बांबूच्या एकाच कांबीचा वरचा भाग बारीक चिरून त्याच्या काड्या पसरतात, दोऱ्याने बांधतात आणि त्यावर कागद चिकटवतात. आजेसासूबाईंनी लग्नानंतर कितीतरी वर्षे घरबसल्या कागद चिकटवण्याचे काम केले. त्यांनी आपला पंखा लेकीच्या हातात दिला, तिचा अंगठा धरून कांबीवरून फिरवला आणि काड्या कुठे सुरू होतात ती जागा दाखवली. मग कागदाच्या कडेला आपले नख लावून चिकटवताना बोट कसे ओढायचे ते करून दाखवले. बोटे थरथरत होती, पण कडेवरून घसरली नाहीत. लेकीने ते तीनचार वेळा करून घेतले.

समाधीचा विषय सासऱ्यांनी त्यांच्या कानाशी वाकून, जरा मोठ्या आवाजात काढला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मला आधी तिथे जाऊ द्या. माझी अक्षरे पांढरी होऊ द्या. मग काय हलवायचे ते हलवा." आणि नंतर, कोणीच काही बोलत नाही असे पाहून, "फार वाट पाहायला लावणार नाही," असे म्हणून त्या हसल्या. वेळ संपल्याचे सांगायला परिचारिका आली.

१५ ऑगस्ट

पुण्यात या दिवशी सकाळी झेंडावंदन असते. इथे हा युद्धसमाप्तीचा दिवस आहे. सासरे सकाळपासून कोशिएनच्या मैदानावरची शालेय बेसबॉल स्पर्धा टीव्हीवर पाहत होते. बरोबर बारा वाजता सामना थांबला, भोंगा वाजला, खेळाडूंनी टोप्या काढल्या आणि मैदानासह सगळे प्रेक्षक मिनिटभर स्तब्ध उभे राहिले. सासरेही उठून उभे राहिले. लेकीच्या हातातल्या काड्यांवर गार शेवया लोंबत होत्या. तिने सगळ्यांकडे पाहिले आणि त्या तशाच धरून तीही उभी राहिली.

भोंगा पुन्हा वाजला, सामना सुरू झाला आणि सासरे, टीव्हीचा आवाज न वाढवता, बोलू लागले. आजेसासूबाई मूळच्या ताकामात्सूच्या. ४ जुलै १९४५ च्या पहाटेपूर्वी त्या शहरावर बॉम्ब पडले, १,३०० हून अधिक माणसे मेली आणि शहराचा बहुतेक भाग जळाला. तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. ही हकिगत मी पूर्वी ऐकली होती. दुसरी ऐकली नव्हती. शिळेवर आजेसासऱ्यांच्या थोरल्या भावाचे नाव आहे. तो युद्धात फिलिपिन्समध्ये मारला गेला. सैन्याकडून घरी पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी आली. उघडली तर आत एक खडा होता. त्या काळी असंख्य घरांत अशाच पेट्या आल्या. खडा कलशात घालून समाधीत ठेवला गेला आणि अजून तिथेच आहे. "परवानगीच्या अर्जात प्रत्येकाच्या अस्थींची नोंद करायची असते," सासरे म्हणाले, "त्याच्या रकान्यात मी काय लिहू?" अर्ज वसंतापासून खणात का पडून होता, ते मला तेव्हा कळले. पायऱ्यांचा त्रास होताच. पण खणाचे कुलूप या खड्याचे होते.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर बोन-नृत्य होते. मध्ये मचाण, वर ढोल, भोवती रिंगण. सासूबाईंनी नवऱ्याचा लहानपणचा जिनबेई, म्हणजे सुती सदरा-चड्डी, लेकीसाठी उसवून लहान करून ठेवला होता. एक नाच कोळशाच्या खाणीतल्या कामाचा आहे: खणा, खांद्यावरून टाका, पाहा, ढकला. पुढच्या बाईचे हात पाहून करत गेले की जमतो, निदान आमच्यासारख्यांना जमल्याचा भास होतो. लेकीने नंतर कागदाच्या गाळणीने सोनेरी मासे पकडण्याच्या खेळात सगळ्या गाळण्या फाडल्या आणि मासा एकही मिळाला नाही. पुण्यापर्यंत तो न्यायचा कसा, हा प्रश्न त्यामुळे परस्पर मिटला.

१६ ऑगस्ट

सकाळी झेन्त्सूजीला जाऊन आलो. मारुगामेहून लोकलने थोड्याच वेळात पोहोचता येते. शिंगोन पंथाचे संस्थापक कूकाई यांचा जन्म ७७४ साली इथे झाला. ८०४ साली ते चीनला गेले, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले आणि ८०६ साली परतले. समाधीमागच्या फळ्यांवरची अक्षरे जपानमध्ये रुजली ती त्यांच्या परंपरेतून. शिकोकूच्या ८८ देवळांच्या परिक्रमेत हे ७५ वे. एरवी पांढऱ्या कपड्यांतले, काठी घेतलेले यात्रेकरू इथे हमखास दिसतात, पण ऑगस्टच्या उन्हात फक्त एक वृद्ध जोडपे कापराच्या प्रचंड झाडाखाली बसले होते. कूकाईंच्या मंदिराच्या खाली काळोखा बोगदा आहे, ज्यातून डाव्या भिंतीला हात लावून चालत जायचे असते. मला वाटले लेक घाबरेल. तिने आजोबांचे बोट धरले आणि त्यांना "इकडे, इकडे" करत पुढे नेले. बाहेर आल्यावर घाम त्यांना फुटला होता.

संध्याकाळी पुन्हा परळ मांडला. या वेळी गायीचे तोंड रस्त्याकडे. निरोपाचा अग्नी पेटवला आणि काटक्या विझल्यावर घोडा, गाय व पानावरचे तुकडे मिठाच्या चिमटीसह पांढऱ्या कागदात गुंडाळले. पूर्वी हे नदीत सोडत, आता पाणी खराब होते म्हणून कचऱ्यात देतात. गायीच्या देठाचा माझा रबर सासूबाईंनी आधी काढून, धुऊन ठेवला होता. नंतर टीव्हीवर क्योतोच्या डोंगरांवर पेटवलेले अक्षरांचे अग्नी दाखवत होते. ते पाहता पाहता लेक झोपली आणि सासऱ्यांनी अर्ज खणातून काढून नवऱ्यापुढे ठेवला. दोघांनी मिळून ठरवले ते असे: आजेसासूबाई आहेत तोवर समाधीला हात लावायचा नाही. नंतर अस्थी देवळाच्या सामाईक समाधीत न्यायच्या आणि तो खडाही बरोबर न्यायचा. रकान्यात काय लिहायचे ते नगरपालिकेत आधी जाऊन विचारायचे. हे काम नवऱ्याने घेतले. सासऱ्यांनी मला विचारले, "तुझे काय मत?" मी म्हटले, "पायऱ्यांचे काय?"

१७ ऑगस्ट

गाडी दुपारची होती. सासूबाईंनी वाळवलेली शिताके, समुद्री शेवाळ आणि पंखा एकात एक बसवून बॅग भरली आणि वजन दोनदा तपासले. सासरे सकाळीच देवळात जाऊन पुढच्या वर्षाचे देखभाल शुल्क भरून आले. येताना ते पाथरवटाकडे थांबले होते. समाधी उतरवायला किती घेतो हे नव्हे, तर चढाच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवायला किती घेतो, हे विचारायला. शेजारच्या दोन घराण्यांनी खर्चात वाटा उचलायचे कबूल केले आहे आणि सप्टेंबरमधल्या हिगानच्या, म्हणजे विषुवाच्या आठवड्यातल्या, समाधिदर्शनापूर्वी काम करून देतो, असे तो म्हणाला आहे.